हौ जी

माझ्या सासूबाई गेल्या तोवर त्यांची एक समजूत कायम होती, की सरकारी वकील म्हणजे सरकार चुकलं की सारवासारव करायला ठेवलेली बाई. त्या भद्रावतीच्या. मुलगा आयुधनिर्माणीत आणि सून कोर्टात भांडायला. "आमच्या घरी दिवाळीले फटाके कायले लागतेत?" असं त्या शेजारणींना विचारायच्या. त्यांची समजूत काढायचा मी बरीच वर्षं प्रयत्न केला. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, बाई फारशा चुकत नव्हत्या.

तरी बाहेरच्यांसाठी एकदा सांगून टाकते. पोलिसांनी किंवा वनखात्याने कुणाला पकडलं की खटला सरकारतर्फे चालतो, आणि तो कोर्टात चालवते सरकारी वकील. आरोपीला आत घालायला मी उभी आहे असं सगळ्यांना वाटतं, आरोपीला तर वाटतंच. कायदा तसं म्हणत नाही. खरं काय ते कोर्टापुढे ठेवायचं, एवढंच माझं काम. मग शिक्षा झाली तर झाली, सुटला तर सुटला. मी ना पोलिसांच्या हाताखाली, ना मंत्र्यांच्या. स्वतःच्या बुद्धीने चालायचं. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तकं मुंबईत छापतात, आमच्याकडे येईस्तोवर त्यातलं बरंच रस्त्यात सांडतं.

मी मूळची सिंदेवाहीकडची, झाडीपट्टीतली, धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, वाढलेली. नोकरीतला मोठा काळ मी अहेरी-आलापल्लीच्या बाजूच्या एका तालुक्याच्या कोर्टात काढला. नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि ते मला फोन करतील. महाराष्ट्रात कुठल्याही अधिकाऱ्याला दम द्यायचा तर "गडचिरोलीला पाठवीन" असा देतात. आम्ही तिथेच होतो. त्यामुळे मला दम द्यायला येणाऱ्यांची फार पंचाईत व्हायची. एकदा एकजण म्हणाला, "बाई, बदली करून टाकू." मी त्याला चहा पाजला आणि बदलीचा अर्ज आत्ताच लिहून देऊ का विचारलं. तो बशीतला चहा अर्धा ठेवून गेला.

आमच्या कोर्टात कोंबडबाजाराच्या केसेस पुष्कळ. कोंबडबाजार म्हणजे पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून कोंबडे झुंजवायचे आणि त्यावर पैसे लावायचे. धाड पडली की पैसे लावणारे मोटारसायकलींवरून पसार होतात आणि ज्याच्या हातात कोंबडा असतो तो सापडतो. कारण कोंबडा घेऊन नीट पळता येत नाही. मी त्या केसेस चालवताना दरवेळी बघायची, आरोपीच्या पिंजऱ्यात सगळे कोंबडेवालेच. जप्त केलेला कोंबडा साक्षीपर्यंत टिकायचा नाही, तो वाटेतच कुठेतरी शिजायचा. न्यायाचं असं एक तत्त्व मला तिथे कळलं, की पकडला जातो तो गुन्हेगार असतोच असं नाही, पण त्याचे हात रिकामे नसतात.

हे तत्त्व पुढे झुरू मडावीच्या केसमध्ये मला पूर्णपणे कळलं. आज लिहायला बसले आहे ते त्याच्याचसाठी.

झालं असं. आलापल्लीच्या जंगलातून सागवान भरून एक ट्रक निघाला. पहाटे नाक्यावर वनरक्षकाने हात केला, चालकाने ब्रेक मारला आणि ट्रक रस्त्यात आडवा उभा राहिला. चालक उडी मारून झाडीत गेला. तो आजतागायत सापडलेला नाही. त्याच्या गावात तो रोज दिसतो, पण सापडत नाही. पुढच्या सीटवर बसले होते ते ट्रकचे मालक, भाऊंचे भाचे. आमच्याकडे माणूस निवडून आला की त्याचा 'भाऊ' होतो, आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त मतदानयंत्रावर उरतं. तर या भाऊंचे हे भाचे, आणि मागे ओंडक्यांवर गाढ झोपलेला झुरू. रोजीवर लाकूड चढवायला आलेला माडिया आदिवासी शेतकरी. पुढच्या गावी उतरवायलाही तोच, म्हणून त्याला वर बसवून घेतलं होतं. भाचे आरोपी क्रमांक एक झाले आणि झुरू आरोपी क्रमांक दोन.

दोघांनाही जामीन मिळाला. म्हणजे कोर्टाने भेदभाव केला असं कुणी म्हणू नये. फक्त जामीन मिळाल्यावर जामीनदार लागतो, ज्याच्या नावावर जमीनजुमला आहे असा. भाच्यांसाठी जामीनदारांची व्हरांड्यात रांग होती. झुरूच्या गावात कुणाच्याच जमिनीला कागद नाही. वनजमीन पिढ्यान् पिढ्या कसतात, वनहक्काच्या पट्ट्यासाठी दावे केलेत, ते पडून आहेत. तेव्हा भाचे घरी गेले आणि झुरू जामिनासकट तुरुंगात गेला.

मग ते पत्र आलं. सरकारला एखादा खटला काढून घ्यावासा वाटला तर तो परस्पर काढता येत नाही. सरकारी वकिलाने स्वतंत्र बुद्धीने विचार करून तसा अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. त्या सुमारास राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घ्यायचं सरकारचं धोरण होतं. पत्रात लिहिलं होतं, की आरोपी क्रमांक एक यांच्याविरुद्धचा खटला जनहितार्थ मागे घेण्यात यावा, कारण तो रास्ता रोको आंदोलनाशी संबंधित आहे.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ट्रक रस्त्यावर आडवा झाला होता. म्हणजे रस्ता अडला होता. रस्ता अडला म्हणजे रास्ता रोको, आणि रास्ता रोको म्हणजे आंदोलन! आंदोलकांची मागणी काय होती ते मात्र कुठे नमूद नव्हतं. बहुधा सागवान.

खाली ओळ होती, 'आपण स्वतंत्र बुद्धीने विचार करून अर्ज तात्काळ दाखल करावा.' मी स्वतंत्र बुद्धीने विचार केला आणि कळवलं, की खटला मागे घेण्यात जनतेचं कोणतंही हित मला दिसत नाही. उत्तर आलं, 'पुनश्च विचार व्हावा.' मी पुनश्च विचार केला, पुनश्च तेच कळवलं. मग जिल्ह्याहून माझ्यापेक्षा अधिक स्वतंत्र बुद्धीचे एक गृहस्थ पाठवण्यात आले. ते गाडीतून उतरले, अर्जावर सही केली आणि आमच्याकडचं पाणी पचत नाही म्हणून सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी पिऊन परत गेले. तेव्हाच्या न्यायाधीशांची बदली तोंडावर होती. त्यांनी परवानगी दिली. भाच्यांबरोबर त्यांचा ट्रकही सुटला. उरलं लाकूड, आणि झुरू.

नवे न्यायाधीश आले ते साताऱ्याकडचे, तरुण, सालस. त्यांच्यापुढे झुरूला पहिल्यांदा उभं केलं त्या दिवशी दोषारोप वाचायचे होते. म्हणजे आरोपीला आरोप समजावून सांगायचा आणि गुन्हा कबूल आहे का विचारायचं. कोर्टात जाण्याआधी मला व्हरांड्यात भाऊंचा एक माणूस दिसला. दूर उभ्या पोलिसांकडे पाठ करून तो झुरूला सांगत होता:

"हौ म्हणजो, बस. जेलात बसला तेवढीच सजा लागन, आजच्या आज घरी. नाई म्हणशीन तं खटला चालन, जेलातच राह्यशीन. तुवा रोवणा जाईन."

रोवणा म्हणजे धानाची लावणी, ती हुकली की वर्ष गेलं. मला राग याचा आला, की तो माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. त्या व्हरांड्यातला सगळ्यांत लबाड माणूस, आणि कायद्याची स्थिती त्याच्याइतकी स्वच्छ मीसुद्धा सांगितली नसती. कबूल करणारा घरी जाणार आणि नाकबूल करणारा तुरुंगात बसणार, असंच ते होतं. एक गोष्ट त्याने तेवढी सांगितली नाही. झुरूने हौ म्हटलं की फाईल कायमची बंद, ट्रक कुणाचा हा प्रश्न पुन्हा निघणार नाही. आणि झुरूच्या नावावर सागवानचोर असा शिक्का लागणार, तो वनखात्याला त्याच्या पट्ट्याच्या दाव्यावर हरकत घ्यायला आयताच मिळणार.

झुरूला सरकारकडून मोफत वकील मिळाला होता. भाऊंच्या गावचा. त्याला मी नजरेने काहीतरी सुचवायचा प्रयत्न केला, पण तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"नाव झुरू मडावी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हौ जी."

"तुम्ही सरकारी जंगलातलं सागवान चोरून नेत होता, असा आरोप आहे. समजला?"

"हौ जी."

"गुन्हा कबूल आहे?"

"हौ जी."

"विचार करून सांगताय ना?"

"हौ जी."

न्यायाधीशांनी पेन उचललं. आता हे बघा, आरोपीने गुन्हा कबूल करणं म्हणजे सरकारी वकिलाला लागलेली लॉटरी. साक्षी नाहीत, तारखा नाहीत, वर शिक्षा झालेल्या केसेसमध्ये एकीची भर. गप्प बसणं एवढंच माझं काम होतं, आणि तेच मला आयुष्यात जमलेलं नाही.

न्यायाधीशांनी रीतसर पुढचं विचारलं, "कुणी धाक, दबाव, आमिष?"

"हौ जी."

पेन थांबलं. "म्हणजे दबाव आहे?"

"हौ जी."

"की नाही?"

"हौ जी."

मी उठले. "साहेब, मी याच भागातली आहे. त्याला एकच विचारून बघा, या कोर्टाचा न्यायाधीश तूच का."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी खरंच विचारलं. झुरूने हात जोडले, मान तुकवली आणि अदबीने म्हणाला, "हौ जी."

बेंचवरचे पक्षकार हसले. साहेब हसले नाहीत, हे मला त्यांचं फार आवडलं. मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्याकडे मोठा माणूस बोलत असताना समोरच्याने मध्येमध्ये 'हौ जी' म्हणायचं असतं. त्याचा अर्थ 'ऐकून राह्यलो' इतकाच. न म्हणणं म्हणजे उर्मटपणा. गार्डापुढे, तलाठ्यापुढे, डॉक्टरपुढे, मास्तरापुढे लोक आयुष्यभर तेच म्हणत आलेत. साताऱ्याच्या कानाला तो होकार वाटतो. असे किती 'ऐकून राह्यलो' आमच्या भागात आजवर गुन्हा कबूल म्हणून लिहिले गेले असतील, याचा मी कधीकधी विचार करते. मग तो सोडून देते, झोप लागत नाही.

साहेबांनी कबुली लिहिली नाही. माडिया जाणणारा दुभाषी आणा म्हणाले आणि पुढची तारीख दिली. मोफत वकिलाला खिडकीतून आत यावं लागलं.

बाहेर झुरू पोलिसांच्या गाडीपाशी उभा होता. मी म्हटलं, "झुरूभाऊ, मी तुमची वकील नाई. मले तुमाले सल्ला देता येत नाई."

"हौ जी."

"पण हौ म्हटल्यावर पट्ट्याचं काय होईन, हे तुमच्या वकिलाले पुसा."

या वेळी तो हौ जी म्हणाला नाही. माझ्याकडे पाहत उभा राहिला, गाडीत बसवेपर्यंत.

पुढच्या तारखेला दुभाषी म्हणून तानीबाई आल्या. त्या गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका, माडिया त्यांच्या घरची भाषा. साहेबांनी प्रश्न विचारला, तानीबाईंनी माडियात सांगितला. झुरू बोलायला लागला. आधीच्या तारखेला दोन अक्षरांपलीकडे न गेलेला माणूस, बोलतच राहिला. तानीबाई मन लावून ऐकत होत्या. मग वळल्या.

"साहेब, तो म्हणते, लाकूड मी चढवलं, हे हौ. चोरलं, हे नाई. चोरीचं हाय म्हणून मले कोणी सांगतलं नाई, रोजीवर बलावलं तं गेलो. आन पुसून राह्यला का ज्याच्या गाडीत चढवलं तो बाबू कुठी हाय? त्याले काऊन नाई बलावलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांच्याविरुद्धचा खटला मागे घेतलाय, साहेब. जनहितार्थ."

"सांगा त्याला," साहेब तानीबाईंना म्हणाले.

तानीबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, हा सबद मी कसा सांगू?"

"लोकांच्या भल्यासाठी, असं सांगा."

त्यांनी सांगितलं. झुरूने तितक्याच अदबीने काहीतरी विचारलं. तानीबाई माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाल्या, "तो म्हणते, मी लोकांत येतो का नाई?"

वकिली करताना मी मोठमोठ्यांच्या उलटतपासण्या ऐकल्या. पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांनी खाली मान घालून लिहिलं, 'गुन्हा नाकबूल'. आणि लोकांत न येणारा झुरू परत तुरुंगात गेला.

खटला चालला. तो सरकारतर्फे मीच चालवला, आणि प्रामाणिकपणे चालवला. मागच्या चुका पोटात घालून केस ओढत न्यायची सवय आम्हाला असते, पण इथे ओढायला ट्रकच नव्हता. वनरक्षक साक्षीला आला. आधीच्या जबाबात त्याने ट्रक नंबरासकट सांगितला होता. आता त्याला ट्रक आठवेना.

"मग एवढं सागवान नाक्यावर आलं कसं?" साहेबांनी विचारलं.

"होतं जी तिथी."

"आपोआप?"

"पाह्यलं तवा होतं जी."

साहेब माझ्याकडे वळले. "सरकारी वकील, तुमचं काय म्हणणं? ट्रकभर लाकूड या एका माणसाने डोक्यावरून आणलं?"

"साहेब, ट्रकबद्दल सरकारने मला काही म्हणायला ठेवलेलं नाही. त्या जागी रास्ता रोको चालू होता, तेवढं रेकॉर्डवर आहे."

साहेबांच्या ओठाची एक कड हलली. वनरक्षकाला मी फितूर म्हणून जाहीर करून घेतलं, त्याचा आधीचा जबाब त्याच्यापुढे वाचला, जे जे करता येतं ते केलं. तो घामाघूम झाला, पण त्याला ट्रक आठवला नाही. त्यालाही त्याच जंगलात नोकरी करायची होती.

झुरू निर्दोष सुटला. निकालाचा अर्थ असा, की आलापल्लीचं ते सागवान कोणीच तोडलं नाही, कोणीच भरलं नाही आणि कोणीच नेलं नाही. मी केस हरले. वरून खुलासा मागवण्यात आला, की आरोपी स्वतः कबूल करत असताना आपण हरकत का घेतली. मी लिहिलं, स्वतंत्र बुद्धीने.

पण हसण्यावारी न्यावं असं सगळंच नव्हतं. व्हरांड्यातल्या त्या लबाड माणसाचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी हौ जी धरून चाललो असतो तर झुरू रोवण्याआधी घरी गेला असता. निर्दोष ठरायचं म्हणून त्याने चोराहून जास्त तुरुंग भोगला. बायकोने एकटीने जमेल तेवढी बांधी लावली, बाकीची पडीक राहिली. हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं नाही. सुटल्यावर तो मला भेटायला आला तेव्हा मी त्याला रोवण्याचं विचारलं. तो म्हणाला, "रोवणा तं गेला, बाई." मग त्याने विचारलं, "पण चोर नाई लिवलं ना?"

"नाई लिवलं, झुरूभाऊ."

तो हसला. मला मात्र त्याच्यासमोर हसू आलं नाही. संताप आला होता आणि तो कुणावर काढावा कळेना.

पुढच्या वर्षी तालुक्यात कायदेविषयक शिबिर झालं. गावोगावचे लोक गाड्या करून आणले होते, जेवण होतं. मंचावर आम्ही चारदोन वकील आणि प्रमुख पाहुणे म्हणून भाऊंचे भाचे. ते तोवर निवडणुकीला उभे राहायच्या तयारीत होते, त्यांचाही भाऊ व्हायला आला होता. त्यांनी संविधानावर चांगलं पाऊण तास भाषण केलं. शेवटी हात उंचावून म्हणाले, "कायद्यापुढं गरीब असो का श्रीमंत, सारे सारखेच. हौ का नाई?"

मंडपभर आवाज घुमला, "हौ जी!"

भाचे प्रसन्न होऊन बसायला वळले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उठला. हात जोडलेले, मान तुकवलेली, आवाज मोठा नाही पण स्वच्छ.

"नाई जी."

लोक माना वळवून बघायला लागले. मी मंचावरून ओळखलं. भाचे खुर्चीत बसले, टेबलावरच्या माईकवरून माझ्याकडे झुकले आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून विचारलं, "हा कोण हाय, बाई?"

माईक चालू आहे हे मला दिसत होतं. मी माझा आवाज मुद्दाम कमी केला नाही.

"आरोपी क्रमांक दोन," मी म्हटलं. "एक नंबर तुमचा होता."